दप्तर दिलं, पण बाळ कोण सांभाळणार?

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)



दिवाळी झाली की आपल्या लासलगाव, विंचूर, निफाड पट्ट्यात पिकअप गाड्या दिसायला लागतात. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या डोंगरातून माणसं कामाला उतरतात. गाडीत भांड्यांची गाठोडी, गोधड्या, नागलीच्या पिठाची पिशवी, आणि त्या सगळ्याच्या मधे दाटीवाटीनं बसलेली लेकरं. ही माणसं आली नाहीत तर आपला उन्हाळ कांदा वेळेवर लागत नाही, द्राक्षाची विरळणी होत नाही, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. पण गाडीतून उतरलेल्या लेकरांचं पुढे चार-पाच महिने काय होतं, हे आम्ही तरी कितीतरी वर्षं नीट पाहिलंच नव्हतं. बांधावर बसलेली दिसायची. दिसायची म्हणजे नजर त्यांच्यावरून पुढे जायची.

आज त्यांच्या शाळेबद्दल बोलायचं आहे, आणि शाळा सुटल्यावर आई कामावरून येईपर्यंतच्या तासांबद्दल. आपल्यासारखे बचत गट त्यात काय करू शकतात, तेही बोलू. आमचं काय चुकलं ते आधी सांगतो, म्हणजे तुमची ती चूक तरी वाचेल.

पहिल्या वर्षी आम्ही गटातून वर्गणी काढली आणि दप्तरं वाटली. दप्तर, दोन वह्या, पाटी, पेन्सिल. एका बागायतदाराच्या मळ्यात मजुरांच्या झोपड्या होत्या, तिथे संध्याकाळी गेलो. खाऊ वाटला, फोटो काढले, टाळ्या झाल्या. आठवड्यानं परत गेलो तर दप्तर झोपडीच्या मेढीला टांगलेलं, त्यात मिरच्या आणि मिठाची पुडी. दहा वर्षांची एक पोर, कडेवर धाकटा भाऊ, चुलीपाशी उभी. आम्ही जरा रागानंच विचारलं, "का गं, शाळेत का नाही गेलीस?" ती काही बोलली नाही. तिची आई लागवडीवरून नुकतीच आली होती, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाचे. ती म्हणाली, "ताई, दप्तर चांगलं आहे. पण ही शाळंत गेली तर याला कोण बघंल?"

यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. खरं तर प्रश्नच आम्हाला सुचला नव्हता.

नंतर झोपड्या-झोपड्यांतून बसून विचारलं तेव्हा एक गोष्ट कळली. मजूर कुटुंब घरातली सगळी मुलं बरोबर आणत नाही. मोठा मुलगा आश्रमशाळेत असेल तर तिथेच राहतो. एखादं पोर आजीपाशी राहतं. बरोबर कोण येतं? अंगावर पिणारं बाळ, कारण त्याला आईशिवाय ठेवता येत नाही. आणि त्या बाळाला सांभाळायला आठ-दहा वर्षांची बहीण, कारण आई दिवसभर वाफ्यात वाकलेली असते. म्हणजे शाळेतून काढली जाते ती बहुतेक मुलगीच, आणि ती शाळा आवडत नाही म्हणून सुटत नाही. घरात तिच्यावर एक काम पडलेलं असतं. ते काम दुसऱ्या कुणी उचललं, तरच ती मोकळी होते.

हे काही आम्ही शोधून काढलेलं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांना हे फार आधी कळलं होतं. त्यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत नेलं. तिथली मुलं शाळेत येईनात. का येत नाहीत म्हणून या दोघी पाहायला गेल्या, तर कुणी गुरं राखतंय, कुणी धाकट्याला राखतंय. मग गुरं राखणाऱ्यांसाठी शाळाच कुरणावर नेली, तिला कुरणशाळा म्हणत. आणि धाकट्यांना राखणाऱ्यांसाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आणली. तिचं नाव विकासवाडी. मोठ्या बहिणीनं धाकट्याला घेऊनच यायचं. त्याला पाळण्यात ठेवायचं, मधल्याला बालवाडीत बसवायचं आणि आपण वर्गात जायचं. किती साधी गोष्ट! पण लेकराच्या घरात काय चाललंय ते पाहिल्याशिवाय ती सुचली नसती. आज आपण ज्या अंगणवाडीत पोषण आहार घेतो, ती अंगणवाडीची कल्पनाही ताराबाईंच्याच कामातून आलेली आहे.

शहरातही असंच झालं. १९६९ मध्ये गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या निमित्तानं दिल्लीत राजघाटावर बांधकाम चाललं होतं. तिथे मजूर बायांची बाळं धुळीत पडलेली पाहून मीरा महादेवन यांनी एका तंबूत पाळणाघर सुरू केलं. त्यातून मोबाइल क्रेशेस ही संस्था उभी राहिली आणि पुढे मुंबई-पुण्याच्या बांधकामांवरही असं काम सुरू झालं. काम संपून मजूर दुसरीकडे गेले की पाळणाघरही उठून त्यांच्यामागे जायचं. रजनी परांजपे आणि बीना लष्करी यांनी १९८८ मध्ये मुंबईत डोअर स्टेप स्कूल सुरू केलं. नावातच सगळं आलं, शाळा दाराशी. वसई-भिवंडीकडे वीटभट्ट्यांवर विधायक संसदेनं भोंगाशाळा चालवल्या. वीटभट्टीवरच्या मजुराच्या झोपडीला तिकडे भोंगा म्हणतात. ऊसतोडीच्या भागात साखरशाळा निघाल्या.

साखरशाळांमधून एक धडा मिळाला, तो आपल्याला उपयोगी आहे. मुलं कारखान्यावरच्या शाळेत चार महिने शिकायची, पण गावी परतल्यावर तिथल्या शाळेत त्याची नोंद नसायची. हजेरी कोरी, परीक्षा बुडालेली. शिकूनही पोर मागेच पडायचं. म्हणून पुढे मराठवाड्यात हंगामी वसतिगृहांवर जास्त भर आला. म्हणजे आईबाप तोडीला गेले तरी मूल गावातच राहावं, आपल्या नेहमीच्या शाळेत जावं, आणि दोन वेळचं जेवण त्याला तिथेच मिळावं. मोठ्या मुलांसाठी आम्हालाही हेच बरं वाटतं. आपल्याकडे येणाऱ्या मजूर बाईला आम्ही आता आधी हेच विचारतो की पोराला मागे ठेवण्याची काही सोय आहे का. पण जे मूल येतंच, त्याला बांधावर सोडून चालणार नाही.

आता कायद्याचं थोडं. कंटाळू नका, हे चार मुद्दे पाठच करून ठेवा, कारण शाळेच्या दारात उभं राहिल्यावर तेच कामाला येतात.

एका शाळेत आम्ही तीन मुलांना घेऊन गेलो होतो. "दाखला आणा, मग बघू," असं उत्तर मिळालं. दाखला डोंगरातल्या गावी, आईबाप इथे कामावर, एक दिवस गेला की त्या दिवसाची मजुरी गेली. आम्ही मान डोलावून परत आलो. ती तिन्ही मुलं तो हंगामभर शाळेत गेली नाहीत. आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं की बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क हा २००९ चा कायदा, जो १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, त्यात या अडचणीचं उत्तर लिहून ठेवलेलं आहे. कलम ५ सांगतं की दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, लांबवताही येत नाही. जन्माचा पुरावा नसला तरी प्रवेश द्यायचा, हे कलम १४. मध्येच शाळा सुटलेल्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात बसवायचं आणि मागे राहिलेलं भरून काढायला खास शिकवायचं, हे कलम ४. आणि कलम ९ मध्ये तर स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना शाळेत प्रवेश मिळेल हे पाहणं स्थानिक प्राधिकरणाचं कर्तव्य म्हणून स्पष्ट लिहिलं आहे. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला हे लागू आहे, मग ते मूल सुरगाण्याचं असो की बिहारमधून खळ्यावर कामाला आलेल्याचं.

शाळेत जाताना भांडायच्या तयारीनं जाऊ नका. आम्ही एकदा तसं गेलो आणि बिघडलं. गुरुजींवर, बाईंवर आधीच कामाचा बोजा असतो, त्यात जानेवारीत अचानक पाच-सहा नवीन मुलं आली तर त्यांनाही धास्ती वाटते. दुसऱ्या शाळेत आम्ही शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय मांडला. मुलांची यादी दिली, नाव, वय, मूळ गाव, तिथली शाळा, शेवटची इयत्ता. आणि रोज सकाळी मुलांना आम्ही आणून सोडू असं सांगितलं. बाईंनी त्याच दिवशी मुलं बसवून घेतली. दुपारचं शालेय जेवणही मुलांना त्या दिवसापासून मिळायला लागलं, आणि खरं सांगायचं तर काही मुलं सुरुवातीला त्या खिचडीसाठीच यायची. येऊ द्या की.

आणखी एक कागद लक्षात ठेवा, शिक्षण हमी कार्ड. कुटुंब कामासाठी गाव सोडतं तेव्हा तिथल्या मुख्याध्यापकांनी मुलाला हे कार्ड द्यायचं असतं. मूल कितवीत आहे, त्याला काय येतं, याची त्यात नोंद असते. ते दाखवलं की नव्या शाळेत बसायला अडचण येत नाही. बऱ्याच आयांना हे कार्ड असतं हेच ठाऊक नसतं. म्हणून होळीला त्या परत जातात तेव्हाच आम्ही सांगून ठेवतो, पुढच्या दिवाळीनंतर येताना गुरुजींकडून कार्ड मागून आणा.

सहा वर्षांखालच्यांचं काय? त्यांना इथल्या अंगणवाडीत जाण्याचा हक्क आहे. नाव गावच्या अंगणवाडीत असलं तरी पोषण ट्रॅकरमध्ये स्थलांतराची नोंद करायची सोय आहे, सेविकाताईंना भेटून ती करून घ्यावी. पण अंगणवाडी काही तासच असते, आणि मजूर बाई उजाडता निघते ती दिवस मावळता येते.

इथे आपलं काम सुरू होतं.

तुमच्या सासूबाईंना विचारा, १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेल्या तेव्हा बाळ कुठे होतं? झाडाला झोळी, आणि झोळीपाशी एखादी म्हातारी किंवा एखादी पोर. रोजगार हमीच्या २००५ च्या कायद्यात नियम होता की कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील तर त्यांना सांभाळायला एका बाईला नेमायचं आणि तिला त्या कामाची मजुरी द्यायची. खासगी मळ्यात असं कुणी नेमत नाही. पण मजुरी देऊन बाई नेमावी हा विचार आम्ही तिथूनच उचलला.

आम्ही आधी फुकट करून पाहिलं. आज ही मैत्रीण, उद्या ती. पंधरा दिवस छान चाललं. मग कुणाच्या घरी लग्न, कुणाचा स्वतःचा कांदा लावायला आला, आणि एका सकाळी पाच बाळं आली तर सांभाळायला कुणीच नाही. आया लेकरं उचलून शेतात घेऊन गेल्या, आणि पुढचे आठ दिवस आमच्याकडे कुणी पोर पाठवलं नाही. बरोबरच आहे. पाळणाघर एक दिवस बंद राहिलं तर आईला त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही, आणि तिचा भरवसा नसेल तर मोठी पोर पुन्हा घरी बसते. तेव्हापासून आम्ही दोन बायांना हंगामाचे पैसे ठरवून देतो. एक आमच्या गटातली, वय झालेली. दुसरी मजुरांपैकीच एक, नुकतीच बाळंत झालेली, जिला वाफ्यात वाकता येत नव्हतं. ही दुसरी फार कामाची ठरली. लेकरं घरात कोकणा बोलतात, आमचं मराठी ऐकून गप्प व्हायची. ती बोलली की हसायची.

हे पैसे आले कुठून? थोडे गटाच्या वर्गणीतून. थोडे बागायतदारांकडून. आम्ही त्यांना "दान द्या" असं म्हणालो नाही. ज्यांच्या मळ्यात या बाया राबतात त्यांनी लागवडीच्या खर्चातच एकरामागे थोडे पैसे यासाठी धरावेत, असं म्हणालो. काहींनी दिले, काहींनी "बघू" म्हटलं. एक म्हणाले, "आमचा सौदा मुकादमाशी, पोरांशी नाही." पण ज्यांनी दिले त्यांनी पुढच्या वर्षी आपणहून विचारलं. आई दर अर्ध्या तासानं बांधावर बाळाकडे पळत नाही, हे त्यांना दिसलं होतं. शिवाय धान्य. गटातली प्रत्येक घरून दर आठवड्याला मूठभर काहीतरी देते, शेंगदाणे, गूळ, हरभरे, बाजरी. त्यातून संध्याकाळचा खाऊ होतो. हिशेबाची वही भिंतीला टांगलेली असते, कुणीही उघडून बघावी.

आता शाळा सुटल्यानंतरचं. शाळा साडेचार-पाचला सुटते. आई सहा-साडेसहाला येते, आणि कांदा निवडायला खळ्यावर असेल, गोण्या भरायचं काम चालू असेल, तर त्याहून उशिरा. या दोन तासांत पोरं काय करतात? शेतातल्या शेततळ्याकडे जातात. त्या तळ्यांना प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो, काठ घसरडे, एकदा पाय गेला की मोठ्या माणसालाही वर येता येत नाही. द्राक्षाच्या बागेत औषधाचे रिकामे डबे पडलेले असतात, पोरं त्यात पाणी भरून खेळतात. आम्ही अभ्यासवर्ग असं नाव दिलं असलं तरी त्या दोन तासांचं पहिलं काम अभ्यास नाही. लेकरं एका छपराखाली, नजरेसमोर असावीत, हे पहिलं. म्हणून जागा निवडतानाही आम्ही समाजमंदिर घेतलं. जवळ तळं नाही, विहीर नाही, रस्ता थोडा लांब.

आल्यावर हातपाय धुणं, खाऊ, मग अर्धा तास खेळ. त्यानंतर वाचन. चौथीतल्या मुलाला पहिलीचं पुस्तक द्यायला लाजू नका, फक्त सगळ्यांसमोर "तुला एवढंही येत नाही का" असं म्हणू नका. आमच्यातल्या एकीच्या तोंडून हे एकदा गेलं आणि ते पोर चार दिवस आलं नाही. आम्ही असं करतो की प्रत्येक मूल त्याच्या भाषेतला एक शब्द आम्हाला शिकवतं, आम्ही तो फळ्यावर लिहितो, मग मराठीतला शब्द शेजारी. आम्हाला उच्चार जमत नाही तेव्हा पोरं पोट धरून हसतात. गणित त्यांना बहुतेक वेळा आपल्यापेक्षा बरं येतं. किती गोण्या, किती किलो, किती पैसे, हे त्यांनी आईबापाबरोबर बसून ऐकलेलं असतं.

काही नियम मात्र आम्ही कडक ठेवले आहेत. मुलांजवळ कधीही एकटी व्यक्ती नसते, दोघी असतात. कोण मूल घेऊन जाणार ते नाव वहीत लिहिलेलं असतं. मुकादम आला तरी आईच्या सांगण्याशिवाय पोर त्याच्या हाती देत नाही. आईला न विचारता औषध देत नाही. फोटो बंद, ते पहिल्या वर्षीचेही आम्ही काढून टाकले. आणि भिंतीवर मोठ्या अक्षरात १०९८. लहान मुलांच्या मदतीचा हा नंबर आहे, फोनला पैसे पडत नाहीत. चौदा वर्षांखालच्या मुलाला मजुरीला लावणं कायद्यानं गुन्हा आहे, हेही आम्ही मळेवाल्यांना आणि मुकादमाला पहिल्याच भेटीत सांगतो. गोड बोलून, पण सांगतो.

होळी हा या माणसांचा मोठा सण. होळीला ती गावी जातातच, काही त्यानंतर परत येतात, काही येत नाहीत. म्हणून होळीच्या आधीच्या आठवड्यात आम्ही इथल्या शाळेतून प्रत्येक मुलाची हजेरी आणि काय शिकवलं ते लिहून घेतो, मुख्याध्यापकांची सही-शिक्का घेतो. ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून आईच्या हातात देतो, आणि गावच्या गुरुजींना फोन करतो. साखरशाळेच्या मुलांचं जे झालं ते इथे होऊ नये म्हणून हा खटाटोप. कधी तिकडे फोन लागत नाही. डोंगरात रेंज नसते. मग दोन-तीन दिवस लावत राहायचं.

कडेवर भाऊ घेऊन उभी असलेली ती पोर पुढच्या वर्षी आली नाही. तिची आई आली. तिला विचारलं, तर म्हणाली की पोर आजीपाशी आहे, पाचवीत गेली, गावच्या बाई म्हणाल्या हिला आता पाठवू नका. आणि धाकटा? तो आईबरोबर आला होता. तो आता चालतो. सकाळी उजाडल्यापासून आई येईपर्यंत आमच्या समाजमंदिरात असतो, आणि सध्या त्याला शेंगदाण्याच्या लाडवाशिवाय काही चालत नाही.